घरचं पाणी

आमच्या हेलिकॉप्टरची बांधणी मोठी मजेशीर होती. इंजिन नाकात, माणसांची खोली पोटात, आणि त्या खोलीच्या डोक्यावर, घराला माळा असावा तशी, पायलटची जागा. खाली बसलेल्यांना माझे नुसते बूट दिसायचे. ते काय बोलतात ते मला वर ऐकू येत नसे आणि मी वर काय पुटपुटतो ते त्यांना. शेजारी दुसरा पायलट असला म्हणजे निभून जातं. पण अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्याला हिवतापाने धरलं, त्याला नागपूरला पाठवलं, आणि एटापल्लीच्या पुढच्या त्या जंगलात मी माळ्यावर एकटाच राहिलो.

आम्ही डोंगरांची पाहणी करायला गेलो होतो. म्हणजे पाहणी करणारे साहेब वेगळे. ते नकाशे मांडीवर घेऊन पोटात बसायचे, मी त्यांना न्यायचो आणि आणायचो. त्यांचा तंबू वेगळा, स्वयंपाकी वेगळा. संध्याकाळी पत्त्यांना चौथा गडी कमी पडला तरी ते मला हाक मारत नसत. मला पत्ते येत नाहीत हे खरं, पण विचारायला काय जात होतं.

राहता राहिला नानाजी. सार्जंट नानाजी, आमचा मेकॅनिक. तो आरमोरीचा आणि मी वरोऱ्याचा, त्यामुळे सगळ्या तुकडीत आपल्या बोलीत बोलणारे आम्ही दोघंच होतो. वयाने तो माझ्यापेक्षा बराच मोठा. हेलिकॉप्टर देशात नवीन आलं तेव्हापासून मी उडवत होतो आणि तो त्याची निगा राखत होता. पहिल्या उड्डाणाआधी पेट्रोलच्या पिंपांपासून दूर, झाडाखाली स्टोव्ह पेटवून तो चहा करायचा. पहिला पेला माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घ्या सायेब, हे तुमचं पेट्रोल." मग स्वतःचा पेला घ्यायचा. तो चहा प्यायल्याशिवाय मी कधी वर चढलो नाही. यंत्रावर माझा विश्वास नव्हता, नानाजीवर होता.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी वायुदल सोडून भूदलात, तोफखान्याकडे जाण्याचा अर्ज केला. तेव्हापासून चहा व्हायचा, पण माझा पेला तो हातात देईनासा झाला. एका रिकाम्या पिंपावर ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. उचलला तर उचलला. अशाने चहाची चव बदलते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

माझ्या अर्जामागे फार मोठं काही नव्हतं. एकदा डोंगरातल्या एका चौकीवर पायदळासाठी शिधा घेऊन उतरलो होतो. तिथला म्हातारा हवालदार हेलिकॉप्टरच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला. गाईच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणाला, "साहेब, हे आमच्याच घरचं असतं तर." एवढंच. ते माझ्या मनातून जाईना. मी शेतकऱ्याच्या घरचा, पायी चालणाऱ्यांचा. मला त्यांच्यात राहून त्यांच्यासाठी उडायचं होतं. तोफखान्याकडे तेव्हा कापडी अंगाची छोटी विमानं होती, हेलिकॉप्टर नव्हतंच. शिवाय तिथे मी सगळ्यात शेवटचा. माझ्या मागून फौजेत आलेली पोरं माझ्या पुढे उभी राहणार.

नानाजीने एकदाच तोंड उघडलं होतं.

"तिथी हेलिकॉप्टर हाय का?"

"अजून नाई."

"मंग काऊन चालले?"

"येईन तेबी कधी ना कधी."

"येईन," तो पाना पुसत म्हणाला. "आपल्या घरचं भरलं ताट सोडून दुसऱ्याच्या आंगणात बसाचं. चूल पेटन, मंग वाढतीन. वा सायेब."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमाले कायचा तरास? मी जाऊन राह्यलो, तुमाले थोडीच नेऊन राह्यलो." त्यानंतर आमच्यात फक्त तेल, पेट्रोल आणि हवेच्या गोष्टी होत.

अर्ज मंजूर झाला होता, पण होकाराचं शेवटचं उत्तर अजून माझ्याच हातात होतं. नवा पायलट आला की त्याच जीपने मला बल्लारशाच्या स्टेशनावर जायचं होतं. तोवर मी कधीही नाही म्हणू शकत होतो, आणि एका शब्दात सगळं पूर्वीसारखं झालं असतं. जंगलात एकट्याने बसल्यावर हा एक शब्द फार सोपा वाटायला लागतो.

उतरण्याच्या जागेचं काम गावातल्या पोचूकडे होतं. पोचू म्हणजे तिथला वजनदार माणूस; दोन मुलगे, एक मुलगी सुकरी, आणि घरी एक लमझना. झाडं तोडून जागा मोकळी पोचूच्या मुलांनी केली. पण रोज नदीवरून कावडीने पाणी आणून ती जमीन भिजवायचं, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडू नये, आणि पेट्रोलच्या पिंपांवर पाला घालून राखण करायची, हे काम त्या लमझन्याच्या वाट्याला आलं होतं. त्याचं नाव लालसू.

लमझना म्हणजे काय ते मला माहीत होतं, तरी नानाजीने मुद्दाम समजावलं. पोरीशी लगीन करायचं आणि द्यायला काही नाही, तर पोरगा आपलं घर सोडून सासऱ्याच्या घरी राबतो. वर्षांमागून वर्षं राबतो. सासऱ्याच्या मनात आलं म्हणजे लग्नाचा मांडव पडतो. तोवर तो त्या घरचा नाही आणि आपल्या घरचाही राहत नाही. "तुमच्यासारखाच हाय तो," नानाजी म्हणाला. बोलत नव्हता, पण टोमणा मारायला त्याला अडचण नव्हती.

लालसू खरंच एकटा होता. पोचूचे मुलगे जेवून उठले की त्याला वाढलं जाई. तो मोहाच्या झाडाखाली पिंपांजवळ बसून दोरी वळत राही. सुकरी फुलं वेचायला त्याच झाडाखाली येई आणि त्याच्याकडे अजिबात बघत नसे. इतकं न बघायलाही लक्ष लागतं. तेवढ्या वेळात त्याच्या हातातली दोरी थांबायची. मी तंबूच्या तोंडाशी बसून हे बघायचो आणि मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला निदान कोणासाठी बसलो आहोत ते समोर दिसत होतं.

मग एकदा बाजारातून निरोप आला. लालसूची आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं त्याचं नाव घेत होती. तिचं गाव इंद्रावतीच्या काठावर. जंगलातून पायी जायचं तर वाटेत एक मुक्काम आणि तिथे एक मुक्काम, त्याशिवाय होत नव्हतं. आणि पोचूच्या घरची अट होती: मांडव पडेपर्यंत लमझन्याने आपल्या आईबापाच्या घरी रात्र काढायची नाही आणि त्यांच्या चुलीचं काही तोंडात घालायचं नाही. घातलं, तर तो परत त्यांचाच झाला. केलेली चाकरी गेली, सुकरी गेली. पोचू वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा मांडवही असाच पडला होता.

त्या दिवशी लालसूने जमिनीवर इतकं पाणी मारलं की चिखल झाला.

दुसऱ्या सकाळी पिंपावर माझा पेला ठेवताना नानाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "इंजिनाचा आवाज जरा बेकार येऊन राह्यला. चाचणी घ्या लागते."

मला आवाज चांगला वाटत होता. तसं मी म्हणालो.

"बेकार हाय," तो म्हणाला. "इंद्रावतीकडं जाऊन पाहू. साहेब लोकाईले आज सुट्टी हाय."

मग मला कळलं. आम्ही दोघं पोचूकडे गेलो. त्याने बराच वेळ चिलीम ओढली. शेवटी म्हणाला, "जाऊ दे. याया हाय त्याची, माय. पन तिथलं अन्न नाई, पानी नाई. सूर्य हाय तवर वापस."

पेट्रोल कातड्यातून गाळून भरलं आणि आम्ही निघालो. लालसू नानाजीबरोबर पोटातल्या खोलीत बसला. मी माळ्यावर. खाली तो घाबरला असेल, रडला असेल, हसला असेल, मला काही कळलं नाही. पानगळीचं जंगल खाली तांबूस दिसत होतं. मला वाटत होतं की आज आपण कुणाच्या तरी कामाला आलो. फार दिवसांनी मी वर एकट्याने गाणं म्हटलं.

नदीच्या वाळूत उतरलो तेव्हा गाव पळून गेलं होतं. पंखा थांबल्यावर, लालसूला ओळखून, माणसं झाडांमागून बाहेर आली. त्याची आई झोपडीसमोर बाजेवर होती. म्हातारी अगदी वाळून गेलेली. त्याला बघितल्यावर ती उठून बसली. तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कान चाचपले, खांदे दाबून पाहिले. त्याच्या खांद्यावर कावडीचे घट्टे होते, त्यांवरून ती अंगठा फिरवत राहिली. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि ते फारसं बोललेही नाहीत.

ऊन तापलं होतं. म्हातारी धरून धरून उठली, कुणाला हात लावू दिला नाही, आत गेली आणि पळसाच्या पानांचे दोन द्रोण भरून आंबील घेऊन आली. गार, आंबूस. एक मला दिला, एक नानाजीला. लालसूला काही नाही. पोरगा पहाटेपासून उपाशी होता. त्याचे ओठ सुकले होते. तो आमच्या द्रोणांकडे बघत होता, मग जमिनीकडे बघायला लागला.

पोचूची अट मी ऐकली होती. पण मला ती त्या वेळी आठवलीच नाही, किंवा आठवली आणि मूर्खपणाची वाटली. इतक्या लांब पोचू थोडाच बघायला येणार होता? मी अर्धा द्रोण प्यालो आणि उरलेला लालसूपुढे केला.

त्याचा हात पुढे आला. हे मी शपथेवर सांगेन. त्याने द्रोणाला बोटं लावली होती.

म्हातारीने तो द्रोण फटका मारून उडवला. आंबील वाळूत सांडली, थोडी माझ्या बुटांवर उडाली. ती लालसूला काहीतरी बोलली, दोनच शब्द, आणि आमच्याकडे पाठ करून बाजेवर आडवी झाली. लालसू उठला. त्याने मागे वळूनही बघितलं नाही, सरळ हेलिकॉप्टरकडे चालायला लागला.

मला राग आला. परक्याला पाजलं आणि पोटच्या पोराच्या तोंडातलं काढलं. आजारी असली म्हणून काय झालं? मी नानाजीला म्हणालो, "अशी कशी माय म्हनावं हे?" नानाजी वाळूतल्या त्या ओल्या डागाकडे बघत होता. त्याने आपला द्रोण न पिता हळूच खाली ठेवला होता. "चला सायेब," म्हणाला. "गरमी वाढली तं मशीन उठाची नाई."

परतीच्या वाटेवर मी गाणं म्हटलं नाही. वर बसून मी म्हातारीशी भांडत होतो आणि जिंकतही होतो.

पोचू उतरण्याच्या जागेवरच उभा होता, त्याच्यामागे त्याचे मुलगे. पंखा थांबेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने लालसूला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"सायेब, तुमी खोटं नाई बोलत. त्यानं तिथलं काई खाल्लं? येर पिला, पानी?"

माझ्या बुटांवर आंबील वाळून पांढरी झाली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो द्रोण तिने उडवला नसता तर या क्षणी मला एक तर खोटं बोलावं लागलं असतं, किंवा त्या पोराची सगळी चाकरी माझ्या एका वाक्याने मातीत गेली असती. म्हातारीला माहीत होतं की हा प्रश्न येणार. पोराला पुन्हा आपलं करून घ्यायला तिला एक घोट पुरला असता. मरणाच्या दारात बसलेल्या बाईला तो घोट किती हवा असेल. आणि मी निघालो होतो भूतदया करायला.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

पोचूने मान हलवली. सुकरी मागून पुढे आली. तिच्या हातात पाण्याने भरलेला वाळलेला भोपळा होता. तिने तो बापाच्या हातात दिला, बापाने लालसूच्या. लालसू उभ्या उभ्या प्यायला. पाणी त्याच्या गळ्यावरून छातीवर ओघळत होतं आणि तो थांबत नव्हता. पाणी पिताना तो रडत होता की नाही ते त्या ओल्या तोंडावर ओळखू येईना.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. उन्हाळा इतका चढला की सकाळ सरली की यंत्र उठायला नाही म्हणे, आणि दुपारभर तंबूत पडून राहण्याखेरीज काम नव्हतं. पाहणीचे साहेब झोपायचे. लालसू झाडाखाली दोरी वळायचा, पण आता सुकरी फुलं वेचायची थांबून दोन शब्द बोलायची. माझा पेला पिंपावरच होता. मला वरोऱ्याचं घर आठवे, तुकडीतला गोंगाट आठवे, आणि तोफखान्याच्या मेसमध्ये शेवटच्या खुर्चीवर निळ्याऐवजी हिरव्या वर्दीत बसलेला मी दिसे. तिथे माझ्या बोलीत बोलणारं कोण असणार होतं? हेलिकॉप्टर तिथे येईल तेव्हा येईल. तोवर माझे केस पिकतील. मला भीती वाटली. तिला दुसरं नाव द्यायला नको.

नवा पायलट जीपने आला तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. त्याचं सामान उतरलं, माझं चढलं, तरी मी ठरवलं होतं. सकाळची वेळ. नानाजी झाडाखाली स्टोव्हशी बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"नानाजी," मी म्हणालो, "नाई जात मी. जीपवाल्याजवळ सांगून पाठवतो. राह्यलो इथीच."

त्याने वर बघितलं. किती महिन्यांनी त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, एवढ्यासाठी माणसाने काहीही सोडावं. त्याने चहा ओतला. पहिला पेला भरला, उठून उभा राहिला आणि पिंपाकडे गेलाच नाही. पेला माझ्यापुढे धरला.

माझा हात पुढे गेला. पेल्याला माझी बोटं लागली, गरम होता.

नानाजीने तो सोडला नाही. आम्ही दोघं एकच पेला धरून उभे होतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो माझ्या बुटांकडे बघत होता. बूट मी केव्हाच पुसले होते, तिथे काही नव्हतं. मग त्याने माझ्या बोटांतून पेला ओढून घेतला आणि सगळा चहा जमिनीवर ओतला. लालसूने नुकतीच भिजवलेली जमीन होती ती. चहा लगेच जिरला.

"मले काय नाई वाटत का सायेब?" तो म्हणाला. "लई वाटते. पन तुमी जा."

त्याने रिकामा पेला उपडा घातला आणि पाठ फिरवून स्टोव्ह विझवायला बसला. स्वतःचा चहाही त्याने घेतला नाही. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

मोहाच्या झाडाखाली लालसूने दोरी वळायची थांबवून हात वर केला. मीही केला. आलापल्लीच्या अलीकडे आमच्या तुकडीच्याच ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, ऊन आहे साहेब, घ्या. घसा कोरडा पडला होता. मी नको म्हणालो, आणि बल्लारशा येईपर्यंत तसाच बसून राहिलो.